मदत हवी आहे: सासूबाईंचा गुळवेलीचा काढा, करपलेला पुदिना आणि आमचं मागचं अंगण (नागपूर)

अंगणवाली

नमस्कार मंडळी. थोडं लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

आम्ही मानेवाड्याला राहतो. घरामागे नऊ बाय बारा फुटांचं अंगण आहे आणि त्यावर राज्य सासूबाईंचं (मी त्यांना आईच म्हणते). तुळस, अडुळसा, कोरफड, गवती चहा, पुदिना, पानओवा, गोडलिंब (कढीपत्ता), कोपऱ्यात बिट्टी (पिवळी कण्हेर) आणि कंपाउंडच्या कडुनिंबावर चढलेली गुळवेल. कोणाला शिंक आली की आई कात्री घेऊन मागे जातात.

आईंचं वय ६८. शुगर आणि बीपी दोन्हीच्या गोळ्या सुरू आहेत. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्यांनी गुळवेलीचा काढा सुरू केला तो आजपर्यंत. वीतभर खोड ठेचायचं, दोन कप पाण्याचा अर्धा कप होईपर्यंत उकळायचं आणि रिकाम्या पोटी घ्यायचं. घरात कोणी कधी हरकत घेतली नाही. मीही नाही.

परवा एकादशी झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी पाणी भरायला उठले तर आई देवघरासमोर बसलेल्या. बाजूला कूलर सुरू, तरी ब्लाऊज घामाने ओला. वात लावत होत्या पण काडी वातीपर्यंत पोचतच नव्हती, इतका हात थरथरत होता. मशीनवर शुगर ५४. साखरेचं पाणी पाजलं, थोड्या वेळाने सावरल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, गोळ्यांशिवाय आणखी काय घेता? आई गप्प. मीच काढ्याचं सांगितलं. ते म्हणाले, उपवास, गोळी आणि काढा, यात कोणाचा हात किती ते सांगता येणार नाही, पण काढा आजपासून बंद.

तेव्हापासून आई माझ्याशी तुटक बोलून राहिल्या. "इतकी वर्षं घेतला तेव्हा काही झालं नाही." दोन दिवस झाले, झाडांना पाणीसुद्धा घातलं नाही त्यांनी.

आता माझे प्रश्न. ही वेल खरंच गुळवेल आहे का, हे कसं ओळखायचं? शेजारणीने दिलेल्या फांदीवरून लावली होती, तिने कुठून आणली माहीत नाही. दुसरं, नणंद सातव्या महिन्यात आहे, पुढच्या आठवड्यात माहेरपणाला येतेय. तिला कोरडा खोकला आहे आणि आईंनी फोनवरच अडुळशाचा काढा कबूल करून टाकलाय. चालेल का? तिसरं, पुदिना आणि गवती चहाच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन वाळताहेत. पाणी कमी पडत नाही, रोज संध्याकाळी कूलरचं उरलेलं बादलीभर पाणी घालतो.

आणि चौथं, जे मला खरं विचारायचंय. आईंना "हे सगळं बंद" असं मला सांगायचं नाहीये. या अंगणातलं रोज बिनधास्त काय वापरता येईल?

औषधवाला

ताई, आधी गोळीचं नाव पाहा. नुसती मेटफॉर्मिन असेल तर शुगर सहसा एवढी खाली जात नाही. सोबत ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर उपाशीपोटी हमखास घसरू शकते. गुळवेलही शुगर थोडी खाली आणते, म्हणूनच तर बरेच शुगरवाले ती घेतात. दोघींचा जोर एकाच दिशेने लागतो. गोळी मनाने कमी-जास्त करू नका, उपवासाच्या दिवशी ती कशी घ्यायची ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

घरात सगळ्यांना सांगून ठेवा: ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मशीन. नाही वाढली तर पुन्हा तेवढीच. माणूस अर्धवट शुद्धीत असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना.

अडुळशाचं उत्तर साफ नाही असं आहे. खोकल्यावर तो उपयोगी आहे हे खरंच. त्यातल्या वासिसीन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्झिन हे कफाचं औषध निघालं. पण तेच वासिसीन गर्भाशयाचं आकुंचन वाढवतं. सातव्या महिन्यात काढा नको आणि "थोडासाच" असंही नको. दुकानातलं अडुळशाचं सिरपही नको. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करू द्या, खोकला राहिला तर तिच्या डॉक्टरांना विचारा. कोरफडीचा रसही तिच्या पोटात जाऊ देऊ नका.

वैदर्भी काकू

माझ्या सासूने मला चारही बाळंतपणांत काय काय पाजलं ते सांगत बसत नाही, तुम्ही सगळे दवाखान्याचा पत्ता द्याल. पण एक सांगते, आपल्याकडे काढा हा पाच-सात दिवसांचा असायचा. ताप आला, काढा. ताप उतरला, भांडं घासून वर. वर्षानुवर्षं रोज घेण्याची टूम मोबाईलवरून आली बाप्पा.

अंगण बंद कशाला करता? गोडलिंबाची चटणी करा. पानं सावलीत वाळवायची, उन्हात नाही, काळी पडतात. मग जवस आणि लाल मिरचीसोबत मंद आचेवर भाजून कुटायची. पानओव्याची भजी करा. पुदिना आणि सांबाराची (कोथिंबिरीची) चटणी रोज ताटात असू द्या. तुळशीची चार पानं चहात. हे सगळं जेवण आहे, औषध नाही. सासूबाईंना म्हणा, काढ्याऐवजी चटणी तुमच्या हातची पाहिजे. कुटायचं काम त्यांच्याकडेच द्या, मिक्सर काढू नका.

नवतपा४७

पुदिन्याच्या खुनाचा तपास लागला. आरोपी: कूलर.

टाकीतलं पाणी दिवसभर पॅडवरून फिरतं, त्यातलं पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. तुमच्या कूलरच्या जाळीवर पांढरा खरपुडा जमतो ना, तोच. त्यात बोअरचं पाणी असेल तर बघायलाच नको. हे खारट पाणी रोज कुंडीत गेलं की आधी पानांच्या कडाच जळतात. शिवाय डासांसाठी टाकीत काही टाकत असाल तर ते पाणी खायच्या झाडांना मुळीच नको. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासायची आहेच, ते पाणी गेटसमोर सडा मारायला वापरा.

आता उपाय. कुंडीला दोन दिवस नळाचं साधं पाणी भरपूर द्या, खालून वाहून जाईपर्यंत. क्षार धुवून निघतील. पुदिन्याची कुंडी पूर्वेकडे हलवा, सकाळी नऊनंतर ऊन नको. नुसती काळी माती कुंडीत घट्ट बसते आणि वाळली की भेगाळते, त्यात शेणखत आणि रेती मिसळा, तिन्ही सारखी. मातीवर दोन बोटं जाडीचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) पसरा. पाणी सकाळी सहाला किंवा सूर्य मावळल्यावर, भर दुपारी कधीच नाही.

आणि २५ मेला नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आधी एक काम करा. लहान मडकं घ्या, काठ तुटका चालेल, तळ फुटका नको. गवती चहाशेजारी गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरून झाकणी ठेवा. मडकं झिरपत राहतं, मुळं तिकडे वळतात. माझ्या नावातले ४७ हे २०१३ च्या मे महिन्यातले आहेत, तापमान ४७.९ अंश झालं होतं तेव्हा. त्या उन्हाळ्यात माझी मडक्याजवळची झाडं तेवढी वाचली.

अंगणवाली

अरे देवा, कूलर! आम्ही "पाणी वाया जायला नको" म्हणून शहाणपणा करत होतो. जाळीवर पांढरा थर आहे, नखाने निघतो.

औषधवाला, गोळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्रच आहे. उद्या फोन करून उपवासाचं विचारते. नणंदेलाही कळवलं. ती म्हणाली, "बरं झालं, मला तो कडू काढा घ्यायचाच नव्हता."

वेलीचं कोणी सांगेल का? पानं बरीच गळली आहेत. खोड अंगठ्याएवढं जाड, वरची साल कागदासारखी सुटते, खाली हिरवं. वरून सुतळीसारख्या मुळ्या लोंबताहेत. बारीक पुरळासारखे ठिपके आहेत.

निवृत्त वनस्पती मास्तर

वर्णन गुळवेलीशी जुळतं. उन्हाळ्यात पानं गळणं, कागदी साल, आत हिरवा रंग, हवेत लोंबणाऱ्या मुळ्या, सगळं बरोबर. खोड आडवं कापून पाहा, चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसेल. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण तिची एक बहीण फार जवळची आहे, टिनोस्पोरा क्रिस्पा. तिच्या खोडावर ठळक उंचवट्यांच्या गाठी असतात, रंग राखाडीकडे झुकतो आणि कापल्यावर दुधासारखा चीक येतो. फुलात तिला तीन पाकळ्या, आपल्या गुळवेलीला सहा. तुमचे "पुरळासारखे ठिपके" साध्या गुळवेलीवरही असतात, म्हणून नुसत्या फोटोवर मी शिक्का मारणार नाही. पानासकट फांदी घेऊन महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयात किंवा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवा.

हा घोळ का महत्त्वाचा, तेही सांगतो. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नव्हती, आणि पुढे दोन्ही वेलींतला फरक सांगणारी सूचनाही निघाली. वाद मिटलेला नाही. पण आईंनी वर्षानुवर्षं रोज काढा घेतलाय, तेव्हा वेल कुठलीही असो, शुगरच्या तपासणीबरोबर यकृताचीही एक रक्ततपासणी सांगून घ्या.

आता तुम्ही न विचारलेलं. यादीत तुम्ही सहज "कोपऱ्यात बिट्टी" लिहून गेलात. घरात लहान मूल आहे का? बिट्टीच्या बिया हृदयाची लय बिघडवतात, जीवही जाऊ शकतो. आम्ही लहानपणी त्यांच्याच गोट्या खेळलो, आता आठवलं की अंगावर काटा येतो.

अंगणवाली

सर, मुलगा पाच वर्षांचा आहे. तुमचं वाचलं आणि त्याचा खेळण्यांचा डबा उपडा केला. कंचे, बाटल्यांची झाकणं आणि बिट्टीच्या सात बिया.

वैदर्भी काकू

फेकल्या का? अंगणात नको फेकू गं, उगवतील.

औषधवाला

काकूंचं बरोबर आहे. बंद पिशवीत कचऱ्याच्या गाडीत. त्याने तोंडात घातल्याची जरा जरी शंका असेल तर वाट पाहत बसू नका, लगेच दवाखान्यात. झाड काढताना चीक हाताला, डोळ्याला लागू देऊ नका आणि फांद्या जाळू नका.

पहिल्या पोस्टमधलं थोडं राहिलं होतं. कोरफड अंगाला लावायची तर पान कापून दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवा, पिवळा चीक गळू द्या, धुऊन मग गर काढा. त्या चिकानेच खाज सुटते, आणि पोटात गेला तर जुलाब. आणि उन्हाळा म्हणून कोणी सब्जा सुचवेलच, तर तो पूर्ण भिजवूनच, कोरडा घशात फुगतो. गुळाचं पन्हं "नैसर्गिक" म्हणून आईंना देऊ नका, शुगरला गूळ काय नि साखर काय.

अंगणवाली

सहा दिवसांनी लिहितेय, उशीर झाला. मुलाने बिया फक्त खेळायला घेतल्या होत्या, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून आणलं, ठीक आहे. बिट्टी काढली. आईंना वाईट वाटलं, पूजेची फुलं जायची म्हणून, तिथे जास्वंद लावलीय.

उपवासाच्या दिवशी गोळी कशी घ्यायची ते डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, तो फ्रिजवर चिकटवला. यकृताची तपासणी नॉर्मल. फांदी घेऊन महाविद्यालयात गेलो तेव्हा आईंनाच सोबत नेलं. तिथल्या मॅडमनी खोड कापून आतलं चाक दाखवलं आणि गुळवेलच आहे म्हणाल्या. आईंनी बाहेर पडल्यावर माझ्याकडे पाहिलं नुसतं. काढा सुरू केलेला नाही, पण वेल राहणार. ते मी कबूल केलंय.

पुदिन्याला तळाशी चार नवी पानं आहेत. गवती चहाशेजारी मडकं पुरलं, खड्डा नवऱ्याने खणला, जागा आईंनी दाखवली. तुळशीच्या मंजिऱ्या खुडून त्यांनी परत पाणी घालायला सुरुवात केली, मला न सांगता.

काकू, चटणीचं एक विचारायचंय. आईंनी जवस न भाजताच कुटायला घेतले आणि आता सगळं चिकट होऊन खलबत्त्याला बसलंय. तेच परत भाजलं तर चालेल का?

वैदर्भी काकू

चालेल. लोखंडी तव्यावर पसरून, अगदी मंद आचेवर. आणि तिखट शेवटी टाक, नाहीतर घरभर ठसका उठेल आणि पोटुशीला खोकला आणखी वाढेल.