मदत हवी आहे: बाबांना सांभाळणाऱ्या आईसाठी थोडी हिरवळ

आई ७२ वर्षांची, बाबांना स्मृतिभ्रंश. त्यांचं सगळं तीच बघते. मदतीला माणूस ठेवू म्हटलं की "त्यांना परका हात चालत नाही" म्हणून विषय संपवते. स्वतःचे गुडघे, अपुरी झोप याबद्दल चकार शब्द नाही.

आठवड्यात मिळून किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांची तब्येत आणि मनःस्थिती जास्त चांगली असल्याचं इंग्लंडमधल्या २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं होतं. एकदम असोत वा तुकड्यातुकड्यांत. पण बागेत नेलं तरी आईचा जीव घरीच अडकलेला, सारखा फोन बघते. अशा फिरण्याचा काय उपयोग, देव जाणे!

खिडकीतल्या कुंड्यांपाशी मात्र रमते. मातीत बोट खुपसून ओल बघते, पिवळी पानं खुडते, तेवढा वेळ कपाळावरच्या आठ्या जातात.

तर, वाकावं न लागता, बाबांनाही सोबत घेऊन करता येईल असं बागकाम कसं मांडावं? बाबा हाताला लागेल ते तोंडात घालतात, त्यामुळे कण्हेर, डिफेनबेकिया अशी विषारी झाडं बाद. आणि आईला एकटीला अर्धा तास बाहेर पाठवायचं तर बाबांना दुसऱ्या माणसाची सवय कशी लावलीत? ज्यांनी स्वतः हे निभावलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.