मोटर ग्लायडरच्या उजव्या पंखाला पीळ बसलाय, रिव्हेट काढू का?

नमस्कार मंडळी,

घरीच किटमधून एकआसनी मोटर ग्लायडर बांधतोय. सव्वादोन वर्षं झाली. शेपूट, फ्यूजलाज (विमानाचं धड) आणि डावा पंख पूर्ण झालाय, इंजिन अजून खोक्यातच आहे. उजव्या पंखाशी येऊन अडलोय आणि घाईत काही करून बसायचं नाही, म्हणून विचारतो.

अमेरिकन विमानरचनाकार जॉन मॉनेट यांची मोनी आणि झेनोस ही मोटर ग्लायडर पाहून मी फायबरऐवजी अॅल्युमिनियमच्या पत्र्याकडे वळलो. रेझिन एकदा कडक झालं की परतीची वाट नाही, पत्र्यात रिव्हेट काढून पुन्हा मारता येतो, असा विचार होता.

आता अडचण. ड्रॉइंगप्रमाणे पंखाच्या टोकाला मुळापेक्षा १.५ अंश वॉशआउट हवा, म्हणजे टोकाचं नाक (पुढची कड) तेवढं खाली. डाव्या पंखाला तो बरोबर आलाय. उजव्याला भरतोय ०.९. टोकाशी पंखाची रुंदी ८० सेंमी आहे, तेव्हा मागची कड हवी त्यापेक्षा ८ मिलिमीटर खाली गेलीय.

खालचा पत्रा रिव्हेट करून झाला होता. तोवर सांगाडा हाताने थोडाफार पिळता येत होता. मग नाकाकडचा वरचा पत्रा क्लिकोंनी (रिव्हेट मारेपर्यंत पत्रे तात्पुरते धरणाऱ्या पिनांनी) धरला, टोकाकडून ४६ रिव्हेट मारले आणि लेव्हल ठेवून पाहिली तर हा आकडा. नाकाची पेटी बंद झाली की पीळ आत कोंडला जातो हे मला माहीत होतं, तरी क्लिको लावल्यावर आणि पहिला रिव्हेट मारण्याआधी मी मोजलं नाही. कारणही सापडलं: टोकाखालच्या घोड्यावरची (पंख ठेवायच्या स्टँडवरची) पाचर सरकली होती.

एक ओळखीचे अनुभवी म्हणतात, पुढे जा, विमान एका बाजूला कललं तर एलरॉनला (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या फळीला) ट्रिमची पट्टी लाव. मला पटत नाही. पट्टीने विमान सरळ उडेल, पण टोकाचा पीळ तसाच राहील. थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेत) कमी वेगात घट्ट गिरक्या घेताना उजवं टोक डाव्याच्या आधी स्टॉल होईल (उचल गमावेल), आणि इतक्या लांब पंखाचं टोक आधी पडणं म्हणजे स्पिनला (गरगरत खाली पडण्याला) आमंत्रण. म्हणून विचारतो: ४६ रिव्हेट काढले तर पीळ सुटेल, की खालचा पत्राही उघडावा लागेल?

---

प्रतिसाद:

आधी लेव्हलची खात्री करा. एकाच जागी उलटसुलट ठेवून दोन्ही आकडे घ्या. वेगळे आले तर मधला धरा. त्या आकड्यावरही थांबू नका. मुळाशी आणि टोकाशी पुढे-मागे ओळंबे सोडा, लंबक पाण्याच्या डब्यात बुडू द्या म्हणजे झुलणार नाहीत. ऊन पंखाच्या एकाच बाजूवर पडत असेल तेव्हा मोजू नका, पत्रा फुगतो.

पीळ खराच निघाला तर रिव्हेट काढा. वरचा पत्रा सुटला की पेटी उघडी होते, खालच्याला हात लावायची गरज बहुतेक पडणार नाही. पण स्टेनलेसचे पॉप रिव्हेट असतील तर जपून. आधी बारीक पंचने मधली दांडी आत ठोका. मग भोकाच्याच मापाच्या ड्रिलने फक्त डोकं उडवा आणि उरलेला भाग पंचने खाली ढकला. स्टेनलेस कडक, अॅल्युमिनियम मऊ. ड्रिल घसरलं की मऊ बाजूला जातं आणि भोक लांबट होतं. आणि वाळूच्या पिशव्या ठेवून पंख जबरदस्तीने सरळ करू नका. घोडे नीट लावले की तो आपोआप जागेवर यायला हवा.

---

मूळ प्रश्नकर्ता:

मनापासून आभार. लेव्हलमध्ये ०.१ ची चूक निघाली, पण ओळंब्यांनीही अर्ध्या अंशाचा फरक दाखवला. दोन संध्याकाळी बसून सगळे ४६ काढले. शेवटची रांग सुटली तेव्हा पत्रा हलकेच टक् वाजून वर आला आणि टोक हाताने पुन्हा फिरायला लागलं. नव्या पाचरी स्क्रूने बसवल्या, सगळीकडे क्लिको लावले, रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी मोजलं तर १.५.

पण टोकाच्या शेवटच्या रिबवर (पंखाला आकार देणाऱ्या फासळीवर) दोन भोकं लांबट झालीत. ३.२ मिलिमीटरच्या जागी ४ चा रिव्हेट मारला तर भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत व्यासाच्या दुप्पट, म्हणजे ८ मिलिमीटर हवेत. पत्र्याला ९ आहेत, रिबच्या दुमडीला मात्र ७ च. किटच्या इंजिनिअरला फोटो आणि मापं पाठवलीत, उत्तर येईपर्यंत तिथे फक्त क्लिको आहेत. अशा ठिकाणी कुणी दुमडीच्या आत जोडपट्टी घालून शेजारी नवी भोकं घेतली आहेत का? पट्टी किती लांब ठेवली आणि जुन्या भोकांचं काय केलं?