आपलं गाव (फक्त कामाचे मेसेज)

नामदेवभाऊ वार्ड २: राम राम मंडळी. एक इचारतो, राग नका मानू. ९ तारखेच्या तहकूब ग्रामसभेच्या रजिस्टरात माही सही कोनं केली? म्या तं दिवसभर वावरात सोयाबीन सोंगून राह्यलो होतो. आज चपराश्यानं दाखवलं तवा समजलं. सही बी धड नाही, 'नामदव' करून ठेवला.

पिंटू ॲडमिन: भाऊ ग्रुपवर नको, पर्सनलवर बोला ना

नामदेवभाऊ वार्ड २: सही काय पर्सनलवर झाली का

उपसरपंच: २ ऑक्टोबरची सभा कोरमअभावी तहकूब झाली हे सर्वांना माहीत आहे. लोक येत नाहीत आणि नंतर बोंब मारतात. गैरसमज पसरवू नये. घरटॅक्स व पाणीपट्टी भरून सहकार्य करावे 🙏

कवडू काका: लोक कसे येतीन, सकाळी ११ वाजता सभा ठेवता, थेही ऐन सोयाबीनच्या टायमाले. गावात तवा म्हतारे अन् कुत्रेच राह्यते.

बंटी पुणे: कोरम किती लागतो तसा?

गुरुजी: एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातील जे कमी असेल ते. तेवढे आले नाहीत की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरम लागतच नाही. म्हणजे वीस जणांनी बसून ठराव केला तरी चालतो, आणि आपल्याकडे वर्षानुवर्षे तेच चाललेले आहे, मी नोकरीत असताना चार वेळा सांगून पाहिले.

बंटी पुणे: मग नामदेव काकाची सही मारायची गरजच काय होती? कोरम लागत नाही तर पाच लोकं असले तरी ठराव पास

कवडू काका: अरे फोटोत खुर्च्या खाली दिसते ना, रजिस्टर तं भरेल दिसलं पायजे. अन् रस्त्यावरचे शिमीटचे गट्टू आमच्याच वार्डात टाकले, वार्ड २ चे लोकं राजी होते असं दाखवा लागते

उपसरपंच: गट्टूबद्दल तक्रार असेल तर लेखी द्यावी. पुण्यात बसून गावाला शिकवू नये. घरटॅक्स व पाणीपट्टी भरून सहकार्य करावे 🙏

बंटी पुणे: काका, पंचायतीच्या कामाचं सरकारी ई-ग्रामस्वराज पोर्टल पुण्यातूनही दिसतं, मोबाईलवर. आपल्या गावाचा आराखडा उघडून पाहिला मी, सांडपाण्याच्या नालीचं काम बंधित निधीत दाखवलंय. १५ व्या वित्त आयोगाचे ६० टक्के पैसे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करा लागतात, गट्टूवर नाही. गट्टू उरलेल्या ४० मधून केले असतील मानू, पण मग नाली कुठं आहे?

कवडू काका: माह्या दारासमोर हाये ना नाली. गट्टू वर, पानी गट्टूवर, अन् मी पाटावर

ज्ञानू हडंबा: सोयाबीनचं कुटार कोनाले पायजे का, दोन ट्रॉली हाये

नामदेवभाऊ वार्ड २: भाव काय

पिंटू ॲडमिन: हा ग्रुप कामाचा आहे 🙏

ज्ञानू हडंबा: कुटार बिनकामाचं हाये का मंग, तुह्या म्हशीले इचार

पुष्पाताई बचतगट: माझा एक प्रश्न आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. आमची कधी झाली?

सरपंच मॅडम: महिला सभा झालेली आहे. फोटो टाकतो.

पुष्पाताई बचतगट: टाकतो? मॅडम कवापासून टाकतो म्हणाय लागल्या 😄

कवडू काका: 😂😂 भाऊजी नमस्कार

सरपंच मॅडम: टायपिंग मिस्टेक. फोटो पाहा.

पुष्पाताई बचतगट: हा तं संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा फोटो आहे. मागं वाणाची वाटी घेऊन मीच उभी आहे, अन् बाजूला सासूबाई डोळे मिटून. महिला सभेत तिळगूळ वाटता का?

उपसरपंच: महिला सरपंचाचा अपमान सहन केला जाणार नाही.

पुष्पाताई बचतगट: अपमान कोण करून राहिलं, त्याईले स्वतः बोलू द्या म्हणतो आम्ही. निवडून त्या आल्या, फोन दुसऱ्याच्या हातात.

गुरुजी: शांत राहा सर्वांनी. गडचिरोलीतले मेंढा (लेखा) पाहा. देवाजी तोफांचे गाव. सर्वांचे एकमत झाल्याशिवाय तिथे निर्णय घेत नाहीत, पुन्हा पुन्हा बसतात. २००९ साली त्यांनी सामूहिक वनहक्क मिळवला. आपण चार बैठका धड घेऊ शकत नाही.

कवडू काका: तिथं बांबूचं जंगल हाये गुरुजी. आपल्याकडं नुसती बेशरम हाये, नालीच्या काठानं बी अन् पंचायतीत बी

उपसरपंच: काका भाषा सांभाळा. तुमची तीन वर्षांची पट्टी बाकी आहे ते सांगू का इथे?

कवडू काका: सांग ना, सांग. नळाले पानी किती दिवस आलं थेही सांग संगं

ज्ञानू हडंबा: माही सही कोनी केली असन तं घरकुलाच्या फॉर्मवरही करून द्या बावा, तालुक्याले चकरा मारून चप्पल झिजली

नामदेवभाऊ वार्ड २: मस्करी सोडा. मी माहिती अधिकार टाकून राह्यलो, १० रुपये लागते. रजिस्टर अन् ठरावाची झेरॉक्स मांगतो.

गुरुजी: ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. पोच घ्या, तोंडी देऊ नका. शिवाय पुढची सभा संध्याकाळी ७ ला ठेवा असाही अर्ज सोबत द्या.

उपसरपंच: ग्रामसेवक साहेबांकडे तीन गावे आहेत, रात्री थांबत नाहीत. सगळ्या गोष्टी आमच्या हातात नसतात हो. शिव्या खायला मात्र आम्हीच.

बंटी पुणे: हे पटलं. पण सही तर गावातच झाली ना

सरपंच मॅडम: मी सरपंच बोलून राहिली. फोन आत्ता माझ्याजवळ आहे. फोटोचं मला माहीत नव्हतं. उद्या १० वाजता पंचायतीत रजिस्टर उघडून दाखवते, नामदेवभाऊ तुम्ही या.

नामदेवभाऊ वार्ड २: उद्या मळणीचा हडंबा लागून राह्यला वो ताई वावरात. परवा नाही जमत का

ज्ञानू हडंबा: परवा माह्या बुकिंगा हाये, उद्याच

पुष्पाताई बचतगट: भाऊ तुम्ही सोयाबीन काढा. मी येते गटातल्या पाच-सहा बाया घेऊन, सगळ्यायच्या सह्या पाहून घेतो. मॅडम, कपाटाची चावी आजच चपराश्याजवळून घेऊन ठेवा.

उपसरपंच: घरटॅक्स व पाणीपट्टी भरून सहकार्य करावे 🙏

पुष्पाताई बचतगट: मॅडम, घेतली का चावी?