स्प्लेंडरची बॅटरी परत बसली (सोसायटीच्या ग्रुपवरून)

ए-२०३: बाबांची स्प्लेंडर, २००१ ची. नवी बॅटरी टाकून महिना नाही झाला, हॉर्न घसा बसल्यासारखा वाजायलाय. इंडिकेटर लागतो पण लुकलुकत नाही. गाडी मात्र एका किकला चालू. होटगी रोडला चांगला बॅटरीवाला आहे का कोणाच्या ओळखीचा?

सी-३०२: परत बॅटरीच? वॉरंटीत बदलून घे की.

ए-२०३: दुकानदार म्हणतो बॅटरी चांगली आहे, तुमची गाडीच चार्जिंग करेना. मेकॅनिक म्हणतो किकला चालू होते, हेडलाइट फुल्ल आहे, म्हणजे चार्जिंग आहे, बॅटरीच डुप्लिकेट. दोघं एकमेकांकडे पाठवायलेत.

बी-१०१: दुकानदाराचं खरं असू शकतं. या जुन्या स्प्लेंडरला किकसाठी आणि हेडलाइटसाठी बॅटरी लागतच नाही. इंजिनात वीज तयार करतो तो मॅग्नेट, त्यात स्पार्कची कॉइल वेगळी असते. हेडलाइट थेट मॅग्नेटच्या एसीवर जळतो, म्हणून तर रेस दिली की उजेड वाढतो. बॅटरीवर काय, तर हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट, न्यूट्रलचा दिवा. बॅटरी घरी काढून ठेवलीस तरी गाडी तुळजापूरला जाऊन येईल. (ठेवू नको, बारके बल्ब उडू शकतात.)

सी-३०२: काका, माझी गाडी बॅटरी मेली की हलत नाही.

बी-१०१: तुझी डीसी सिस्टीमची, तिचा स्पार्कच बॅटरीवर. तिचे नियम हिला लावू नका, गोंधळ तिथंच होतो.

ए-२०३: मग बघायचं कसं?

बी-१०१: माझा मल्टिमीटर घेऊन जा. डीसी २० वर ठेव. चावी बंद असताना बॅटरीच्या दोन टोकांना धर. भरलेली बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते. मग गाडी चालू करून तिथंच धर आणि रेस दे. साडेतेरा ते साडेचौदापर्यंत चढायला पाहिजे. आधी फ्यूज बघ, उगाच सगळं उघडून बसशील.

ए-१०४: आमच्या गाडीचे बल्ब सारखे उडतात, तेही यातच येतं का हो भाऊ?

बी-१०१: येतं वहिनी. तुमच्याकडे उलटं असणार. रेस दिल्यावर १५ च्या वर गेलं तर आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर, एसीचं डीसी करून व्होल्टेज आवरतं ते) करंट अडवत नाही. बॅटरी फुगलीय का तेही बघा.

ए-१०४: होय हो, एका बाजूनं फुगलीय.

बी-१०१: मग उद्याच दाखवा, आणि नवी बॅटरी आधी टाकू नका, तीही फुगेल.

ए-२०३: फ्यूज चांगला आहे. बंद असताना ११.९. चालू करून ११.९. पिळून रेस दिली, तरी ११.९.

बी-१०१: म्हणजे बॅटरीपर्यंत काही पोचतच नाही. दुकानदाराशी भांडू नको आता.

सी-३०२: चार्जिंगची कॉइल गेली, लिहून देतो. यूट्यूबवर दाखवतात, मीटर कंटिन्यूटीवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजतो ते) ठेवायचा, एक टोक कॉइलच्या वायरला, एक बॉडीला. वाजला की कॉइल शॉर्ट.

ए-२०३: वाजतोय! काका, कॉइल गेली. मेकॅनिकला बोलावू का?

बी-१०१: थांब बे, घाई करू नको. व्हिडिओ थ्री फेज कॉइलचा असणार. तिथं तीन वायरा, आणि एकही बॉडीला लागता कामा नये. या गाडीच्या कॉइलचं एक टोक कंपनीनंच बॉडीला दिलेलं असतं. मीटर वाजायलाच पाहिजे. न वाजला असता तर मी म्हटलं असतं कॉइल तुटली. या एका गैरसमजानं किती चांगल्या कॉइल प्लेटा भंगारात गेल्या असतील.

सी-३०२: बरं बरं 🙏

बी-१०१: आता आरआर युनिटचा कपलर, म्हणजे वायरांचा प्लग, काढ. चार वायरा दिसतील. पांढरी चार्जिंगची, पिवळी लाइटची, लाल बॅटरीकडे जाते, हिरवी अर्थ, म्हणजे बॉडीला लागणारी. होंडाच्या वायरिंगमध्ये अर्थ हिरवी असते. काळीला अर्थ समजू नको, चावी फिरवली की काळीत प्लस येतो. बाकीच्या गाड्यांवर हात बसलेले लोक इथंच फ्यूज उडवतात.

ए-२०३: काढला. आता?

बी-१०१: हेडलाइटचं बटण बंद आहे ना? बघूनच पुढं जा. आरआर काढल्यावर लाइटच्या वायरीला लगाम राहत नाही, रेस दिलीस की बल्ब जाईल. बंद असेल तर मीटर एसीवर घे, गाडीकडच्या कपलरात पांढरी आणि हिरवी धर, चालू करून हळू रेस दे.

ए-२०३: वाढायलंय. १२, १९, २७... रेस दिली की चढतच जातंय.

बी-१०१: कॉइल ठणठणीत. गाडी बंद कर. आता डीसीवर, कपलरातली लाल आणि बॅटरीचा मायनस.

ए-२०३: ११.९.

बी-१०१: लाल वायर पण चांगली. राहिली हिरवी. मीटर ओहमवर, कपलरातली हिरवी आणि बॅटरीचा मायनस. शून्याच्या जवळ यायला पाहिजे.

ए-२०३: कधी ६, कधी ४०. वायर हलवली की बदलतं.

बी-१०१: सापडलं. पिनेचा फोटो टाक.

ए-२०३: (फोटो)

बी-१०१: बघ, पीन हिरवटकाळी पडलीय आणि तिच्या बाजूचं प्लास्टिक तपकिरी झालंय. जोड ढिला झाला की तापतो, तापला की आणखी ढिला होतो. आमच्या चादर कारखान्यात मशीनच्या मोटरचं हेच. मोटर वाइंडिंगला पाठवायला निघायचे सगळे, आणि निम्म्या वेळा टर्मिनलच जळालेलं असायचं.

सी-३०२: पण काका, हिरवी खराब होती तर मघाशी पांढरी-हिरवीत व्होल्टेज बरोबर कसं दाखवलं?

बी-१०१: चांगलं विचारलंस. मीटर नावापुरताच करंट ओढतो, कुजक्या जोडातून तेवढा जातो. आरआरला नीट काम करायला पक्की अर्थ लागते, ती अशा जोडातून मिळत नाही. म्हणून नुसत्या व्होल्टेजवर निकाल द्यायचा नाही, अर्थ वेगळी तपासायची.

ए-२०३: मग आता टेप गुंडाळून जोडू?

बी-१०१: टेप नको. स्पेअरच्या दुकानात कपलरची पीन सुटी मिळते, नवी दाबून बसव. दुसरं टोक चासीच्या नटाला आहे, तोही काढून पॉलिश पेपरनं घास. धुताना प्रेशरनं पाणी सीटखाली मारत जाऊ नका.

सेक्रेटरी: सर्वांना विनंती, चार वाजता पाणी सुटणार आहे. रॅम्पवरची गाडी आणि हत्यारं काढून घ्यावीत, टँकरही येतोय.

ए-२०३: काढतो काका, पाचच मिनिटं.

ए-२०३: पीन बसली, नट घासला. चालू करून १२.४, रेस दिली की १३.९! हॉर्न पण सुधारला.

बी-१०१: झालं. पण बॅटरी आता उपाशी आहे आणि ही गाडी हळू भरते. बाहेरून एकदा फुल्ल चार्ज कर. अडीच अँपिअर-अवरची बारकी बॅटरी आहे, पाव अँपिअरनं दहा-बारा तास. गाडीवाल्याचा मोठा चार्जर लावू नको, उकळेल. आणि ती हँडलची निळी एलईडी पट्टी काढ, त्याशिवाय ती भरायची नाही.

ए-२०३: पट्टी धाकट्यानं लावलीय, सांगतो त्याला. तुमच्याकडं आहे का छोटा चार्जर?

बी-१०१: आहे, सहानंतर ये. क्लिपा मोजून देईन, मोजून घेईन. मागच्या वेळी एक क्लिप या ग्रुपमधल्याच कोणाकडं तरी राहिलीय.

सी-३०२: 👀

ए-१०४: भाऊ, आमची गाडी कधी बघाल?