मदत हवी आहे: 'स्लो-मो-शन फोर'च्या मॉडेलची शेपूट पाण्यातून सुटत नाही

सिॲटलच्या स्टॅन्ली सेयर्स यांच्या 'स्लो-मो-शन फोर' या हायड्रोप्लेनचं (पाण्याला जेमतेम टेकत धावणारी शर्यतीची बोट) 1:8 मापाचं, रिमोटवर चालणारं लाकडी मॉडेल बांधलंय. लांबी साधारण साडेतीन फूट. मूळ बोट वेगात असताना पुढचे दोन स्पॉन्सन (दोन्ही बाजूंना बाहेर आलेले तळाचे भाग) आणि अर्धवट बुडालेला प्रॉपेलर एवढ्यावरच टेकायची. त्याच जोरावर सेयर्सनी 26 जून 1950 रोजी लेक वॉशिंग्टनवर ताशी 160.32 मैलांचा विक्रम केला. टेड जोन्सच्या आराखड्यातली हीच कमाल मला मॉडेलमध्ये बघायची आहे.

अर्ध्या थ्रॉटलपर्यंत मॉडेल छान सरळ जातं. पुढे शेपूट पाण्यातच राहते आणि नाक वरखाली आपटू लागतं. बॅटरी पुढे सरकवल्यावर आपटणं थांबलं, पण वेगही पडला. शाफ्टचा (प्रॉपेलर फिरवणाऱ्या दांड्याचा) कोन कमी करून फरक पडला नाही. तळ पट्टी लावून तपासलाय, सपाट आहे. दोन पात्यांचा प्रॉपेलर, ब्रशलेस मोटर. बाहेरचा आकार बदलायचा नाही. वजन फार मागे न्यायचीही भीती वाटते. सेयर्सचीच दुसरी बोट 'स्लो-मो-शन फाइव्ह' 1955 मध्ये हवेत पूर्ण कोलांटी खाऊन पडली होती.

अशी बोट चालवणाऱ्यांनी कृपया सांगा: गुरुत्वमध्य स्पॉन्सनच्या मागच्या कडेपासून किती मागे ठेवता, आणि शाफ्टचा मध्य तळाच्या पातळीत की खाली, किती मिलिमीटर?