चर्चा: पोरं कुठल्या शाळेत जाणार, हे घराचा पत्ताच ठरवतो का?

बिबवेवाडीकर:
आमच्या पुण्यातल्या सोसायटीची मागची भिंत वस्तीला लागून आहे. सकाळी सातला पुढच्या गेटवर पिवळ्या बस लागतात, तेव्हाच भिंतीपलीकडची पोरं चालत महापालिकेच्या शाळेत निघतात. कामाच्या मावशींचा नातू आणि माझी मुलगी एकाच वयाची, पण दोघं कधी एकत्र खेळलेली नाहीत. त्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियमच बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने गरीब-वंचित मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के मोफत जागांतून सूट. शहरात अशी शाळा जवळ नाही कुठे? जुलैत हायकोर्टाने तो बदल रद्द केला म्हणून निभावलं.

पौडफाटा:
घराला कशाला दोष? आमच्या कोथरूडची मुलं बसने तासभर लांबच्या शाळेत जातात. तिथे पत्ता नाही, फी ठरवते. पूर्वी वाड्यात मालक-भाडेकरूंची मुलं एकाच शाळेत जायची की.

दांडेकर_पूल:
वाड्यात कोण भाडेकरू होते तेही सांगा! पेठाच जातीने वसलेल्या. महार-मांग मुलांसाठी जोतिबा फुल्यांना वेगळी शाळा उगाच काढावी लागली का?

बिबवेवाडीकर:
आणि वस्त्या आपोआप बसत नाहीत. १९६१ ला पानशेत धरण फुटल्यावर पूरग्रस्तांना गोखलेनगरसारख्या वसाहतींत सरकारनेच नेलं. शाळेचं काय ते ओघाने आलं.

शिक्षिका_धायरी:
मी खासगी शाळेत शिकवते. आरटीईच्या मुलांची फी सरकार शाळेला देतं, त्या प्रतिपूर्तीचे पैसे थकतात, मग संस्थाचालक कुरकुरतात. आणि वर्गात घेतलं म्हणजे मिसळली असं नाही हो. डबा खाताना कोण कोणाजवळ बसतं, ते बघायला या एकदा.

दांडेकर_पूल:
बाई, तुमचं पटतं, पण आधी पोचायला तर हवं. पुतण्याचा आरटीईच्या सोडतीत नंबर लागला. फी माफ, पण रिक्षावाले काका, सहल, गॅदरिंगचा ड्रेस? शेवटी वहिनीनेच काढलं त्याला.

पौडफाटा:
म्हणजे पैसाच ना! मी तेच म्हणतोय. बाकी बिबवेवाडीकर, तुमची मुलगी कशाने जाते?

बिबवेवाडीकर:
पिवळ्या बसने.