टॅगने चोराला आधीच सावध करावं का?

पेठेतला बोका
गेल्या महिन्यात गाडी चोरीला गेली. मागच्या वर्षी चार एअरटॅगचा पुडा घेतला होता (अ‍ॅपलची छोटी चकती, वस्तू कुठे आहे ते मालकाच्या फोनवर दाखवते). दोन गाड्यांत दोन, एक किल्ल्यांना, एक प्रवासाच्या बॅगेत. माझ्या गाडीतला टूलकिटच्या फडक्यात गुंडाळून सीटखाली ठेवलेला. सकाळी सहाला पार्किंग रिकामं, फोनवर टिंब हडपसरच्या पुढे एका गोडाऊनपाशी. चौकीत गेलो तर साहेब राऊंडला. तक्रार घेतली दुपारी दोनला. संध्याकाळी मी आणि मेव्हणा तिथे पोचलो, तर टॅग गटाराच्या कडेला पडलेला आणि गाडी गायब.

नंतर कळलं की अनोळखी टॅग आपल्यासोबत फिरत असेल तर फोन आपणहून सांगतो, ‘हा टॅग तुमच्यासोबत फिरतोय, त्याच्या मालकाला ठिकाण दिसू शकतं.’ जुलै २०२३ पासून ही सूचना अँड्रॉइडवरही येते. म्हणजे पैसे मोजून मी चोरासाठी गजर विकत घेतला! माझं म्हणणं साधं आहे: मालकाने आधार देऊन नोंदणी करावी आणि तक्रार क्रमांक टाकला की त्या टॅगची सूचना बंद व्हावी. चोराला कसली आलीय प्रायव्हसी?

गणा गॅरेजवाला
बोकेशेठ, सूचना आलीच नसेल. डिक्की उघडली, फडकं झटकलं, टॅग पडला. आमच्याकडे पोरं गाडी घेतली की आधी डिक्कीच बघतात. लपवायचं तर हेडलाइटच्या मागे नाहीतर सीटच्या फोममध्ये.

पेठेतला बोका
असेलही. पण सूचना येते हे तर खरं ना? मुद्दा तोच.

सांजवात
मुद्दा तो नाही. माझ्या मावसबहिणीचं सांगते. नवऱ्यापासून वेगळी झाली, मुलाला घेऊन माहेरी आली. एका शनिवारी फोनवर हीच सूचना. आधी तिला वाटलं जाहिरात आहे. दुसऱ्यांदा आली तेव्हा भावाने स्कूटर, पर्स, सगळं पालथं घातलं. मुलाच्या दप्तराच्या पाठीच्या अस्तरात, शिवण उसवून पुन्हा घातलेली, आत टॅग. फोन टेकवला की त्यावर सिरियल नंबर आणि मालकाच्या मोबाइलचे शेवटचे चार आकडे दिसतात. ते चार आकडे तिला नऊ वर्षं पाठ होते.

आता तुमचा नियम लावा. तिची स्कूटर नवऱ्याच्या नावावर आहे. आपल्याकडे किती बायकांची गाडी स्वतःच्या नावावर असते? तो चौकीत जाऊन म्हणणार, गाडी चोरीला गेली. कागद त्याचे, आधार त्याचं, तक्रार क्रमांक खरा. सूचना बंद. आणि तुम्ही त्याला तिच्या दारापर्यंत वाट दाखवणार.

तिरपा डोळा
कुंपणच शेत खातं ते असं. पण एका उदाहरणावर सगळ्यांची सोय का काढून घ्यायची?

न्यूजर्सीचा नाना
ओळखपत्राचा प्रयोग इकडे झालाय. असेच टॅग बनवणाऱ्या टाइल नावाच्या कंपनीने फेब्रुवारी २०२३ मध्ये चोरीविरोधी मोड आणला. सरकारी ओळखपत्र द्या, चेहरा जुळवा आणि मान्य करा की पाठलागासाठी वापरून दोषी ठरलात तर दहा लाख डॉलर दंड. बदल्यात तुमचा टाइल इतरांच्या शोधात दिसणार नाही. ऐकायला दणदणीत. पण दंड दोषी ठरल्यावर, आणि दोषी कधी ठरणार? बाईला आधी तो सापडला तर. आणि तो सापडू नये हीच तर या मोडची खुबी! अनोळखी माणूस मागे लागला असेल तर ओळखपत्राचा थोडा धाक असेल. छळणारा घरातलाच असतो तेव्हा त्याचं नाव तिला आधीच माहीत असतं, आधार घेऊन नवीन काय कळणार?

बोक्याच्या बाजूनेही एक सांगतो. न्यूयॉर्कमध्ये गाड्या फार चोरीला जाऊ लागल्या तेव्हा २०२३ मध्ये महापौर आणि पोलिसांनी ब्राँक्समधल्या लोकांना ५०० एअरटॅग फुकट वाटले. त्याच काळात कॅलिफोर्नियात पाठलाग झालेल्यांनी अ‍ॅपलवर दावा लावलेला. एकच वस्तू, एका शहरात पोलीस वाटतायत, दुसरीकडे कोर्टात.

पेठेतला बोका
बघा, पोलीस वाटतात! आणि एक सांगा, सिमवाले जीपीएस ट्रॅकर बाजारात राजरोस मिळतात. ते कुणाला सावध करतात? कुणालाच नाही. मग हा नियम फक्त माझ्यासारख्यालाच. चोर सोडून संन्याशाला फाशी.

सांजवात
हे मात्र बरोबर बोललात. ते सगळ्यात वाईट आहेत. पण म्हणून एका दाराला कडी नाही तर दुसऱ्याचीही काढून टाका, असं?

कोर्टाची पायरी
वकील म्हणून थोडं. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८, म्हणजे पूर्वीचं ३५४ड. स्त्रीने स्पष्ट नकार दर्शवूनही पुरुषाने तिचा वारंवार पाठलाग करून संपर्क साधला किंवा साधायचा प्रयत्न केला, किंवा ती इंटरनेट, ईमेल वगैरे कसं वापरते यावर नजर ठेवली, तर पाठलाग. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत, तेही जामीनपात्र. दुसऱ्यांदा पाच वर्षांपर्यंत. आता दप्तरात गुपचूप टॅग टाकला आणि एकदाही फोन केला नाही, तर हे कुठे बसवायचं? युक्तिवाद करता येतो, पण घाम गाळावा लागतो. शिवाय कलमात आरोपी पुरुष आणि पीडित स्त्रीच. उलट झालं तर दुसरी कलमं शोधा. म्हणून म्हणतो, कायद्याचं कुलूप इतकं सैल असताना फोनवरची ती फालतू वाटणारी सूचना हाच तिच्याकडचा पहिला पुरावा. ती बंद केलीत तर चौकीत नेऊन दाखवायला काही उरत नाही.

बोकेसाहेब, तुमच्या गोष्टीत टिंब सकाळी सहाला बरोबर जागी होतं. तक्रार दोनला. मधले आठ तास कुणी खाल्ले? सूचनेने नाही.

तिरपा डोळा
😂 साहेब राऊंडला.

पेठेतला बोका
ते मान्य. पण आठ तास खाणारी व्यवस्था माझ्या हातात नाही. टॅग माझ्या हातात आहे, म्हणून टॅगबद्दल बोलतो.

न्यूजर्सीचा नाना
उशीर किती असावा यावर तरी वाद होऊ शकतो. फोनवरच्या सूचनेखेरीज टॅग स्वतःही वाजतो. २०२१ मध्ये टॅग आला तेव्हा मालकापासून तीन दिवस दूर राहिल्यावरच वाजायचा. ओरड झाली, दोनच महिन्यांत ते ८ ते २४ तासांमध्ये कधीही, असं केलं. हा आकडा काही देवाने दिलेला नाही.

सांजवात
तीन दिवसांत ती तीन रात्री एकाच घरी झोपते, नाना. पत्ता कळायला एक रात्र पुरते.

गणा गॅरेजवाला
शिवाय लोक स्पीकर काढतातच. एकजण विचारायला आला होता, ‘आवाज बंद करून देतोस का?’ मी विचारलं कशाला, तर म्हणे गाडीसाठी. गाडी दाखव म्हटलं, तर गाडी नव्हतीच आणलेली. दिला परत पाठवून.

पेठेतला बोका
आधारवाला मुद्दा मागे घेतो. गाडी कुणाच्या नावावर, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सूचना असावी, पण तक्रार झाल्यावर टॅगचं ठिकाण थेट चौकीच्या पडद्यावर जावं, माझ्या फोनवर नाही. मग नवरा खोटी तक्रार करेना का, बायको कुठे आहे ते त्याला कळणार नाही.

कोर्टाची पायरी
हे पहिल्यांदा काहीतरी बोललात. अर्थात हवालदार त्याच्या ओळखीचा नसला तर.

पेठेतला बोका
ता.क. बायकोने धागा वाचला. तिची स्कूटी तिच्याच नावावर आहे, तेवढं आधी सांगतो. तिने विचारलं, ‘पुड्यातला दुसरा टॅग माझ्या स्कूटीत टाकलास तेव्हा मला सांगितलं होतंस?’ नव्हतं सांगितलं. म्हणे, ‘दिवाळीत दोनदा फोनवर ते काहीतरी आलं होतं, मी पुसून टाकलं. ते तुझंच होतं होय?’